पार्किंग लॉट कोणी झाडला?

एका जुन्या विनोदी टीव्ही मालिकेतल्या दृश्याला सगळी अमेरिका हसते आणि आमची शेजारीण हसली नाही, एवढीच खरं तर गोष्ट. पण तिचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

तेव्हा आम्ही ओहायोत, डेटनला राहत होतो. नोकरी नवऱ्याची, मला कामाचा परवाना नव्हता, त्यामुळे दुपारभर वेळच वेळ. शेजारीण सत्तरीतली, एकटी, बोलघेवडी. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी तिने मला भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ करायला मदत म्हणून बोलावलं, पण मदत नको होती, सोबत हवी होती. स्वयंपाकघरात उकडलेल्या भोपळ्याचा आणि दालचिनीचा वास कोंदला होता. तिने जायफळ किसायला घेतलं आणि मला एकदम घरचं श्रीखंड आठवून पोटात कालवलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही आपला चालूच होता. सणाच्या आठवड्यात तिकडे एका जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग हमखास लागतो: 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'. सिनसिनाटी आमच्यापासून गाडीने तासाभरावर, त्यामुळे डेटनकरांना ती मालिका जरा घरचीच वाटायची. शिवाय त्यातला साहेब झालेला नट, गॉर्डन जम्प, नट म्हणून नाव होण्याआधी आमच्याच डेटनच्या टीव्ही केंद्रावर कामाला होता. पिठाचे हात तसेच घेऊन आम्ही दोघी सोफ्यापाशी उभ्या राहिलो. दृश्य संपलं, मी डोळे पुसतेय इतकी हसलेली, आणि ही शांतपणे म्हणाली, ''पार्किंग लॉट कोणी झाडला, ते कधीच दाखवत नाहीत.'' आणि आत जाऊन तिने ओव्हन उघडला.

दृश्य असं. एक बुडीत चाललेलं रेडिओ केंद्र. साहेबांच्या डोक्यात येतं की सणानिमित्त श्रोत्यांना फुकट टर्की, म्हणजे त्या सणाला भाजून खातात ते कोंबडीसारखे मोठे पक्षी, वाटायचे, आणि तेही साधेसुधे नाही, तर शॉपिंग मॉलवर हेलिकॉप्टरमधून जिवंत सोडायचे. खाली उभा राहून या सोहळ्याचं धावतं वर्णन करतोय लेस नेसमन, केंद्राचा वार्ताहर, कायम गंभीर. आधी त्याला वाटतं आकाशातून काहीतरी पडतंय. मग वाटतं पॅराशूटवाले असतील, पण पॅराशूट उघडत का नाहीत? मग त्याला उमगतं. टर्की ओल्या सिमेंटच्या पोत्यांसारखे जमिनीवर आदळतायत, लोक सैरावैरा पळतायत, आणि लेस रडवेला होऊन बोलतोच आहे. हा आवाज अमेरिकन कानांना ओळखीचा असतो. ६ मे १९३७ ला न्यू जर्सीत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज पेटून कोसळलं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन नावाच्या रेडिओ वार्ताहराने रडत रडत केलेलं वर्णन तिकडे पिढ्यानपिढ्या ऐकलं गेलंय. लेस नेसमन हुबेहूब तोच कंप टर्कींसाठी लावतो. पुढे केंद्रावर परतल्यावर तो सांगतो की साहेबांनी हेलिकॉप्टर उतरवून उरलेले टर्की जमिनीवर सोडले, तर त्यांनी माणसांवरच प्रतिहल्ला चढवला, जणू ते संघटित होते. शेवटी साहेब पिसांनी माखून, कोट फाटलेल्या अवस्थेत येतात आणि ते प्रसिद्ध वाक्य म्हणतात: देवाशपथ, मला वाटलं टर्की उडतात.

एकही टर्की पडद्यावर पडताना दिसत नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि तेव्हापासून त्या दृश्याबद्दलचा आदर वाढला. दिसतो तो फक्त एक माणूस, मायक्रोफोन, आणि त्याचा वरवर चढत जाणारा आवाज. टीव्हीवरचं हे इतकं गाजलेलं दृश्य मुळात रेडिओच आहे. ३० ऑक्टोबर १९७८ ला ते पहिल्यांदा दाखवलं गेलं, म्हणजे मालिका सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते.

आणि ते खरं घडलेलं आहे. म्हणजे, तसं खरं नाही. खऱ्याच्या जवळपास. मालिका काढणारा ह्यू विल्सन हा अटलांटातला जाहिरातवाला. तिथे डब्ल्यूक्यूएक्सआय नावाचं गाण्यांचं केंद्र होतं, मध्यम लहरींवर ७९०, तरुण पोरांमध्ये तुफान चालणारं. लोक लाडाने त्याला 'क्विक्सी इन डिक्सी' म्हणत. जाहिरातींच्या निमित्ताने विल्सनची तिथल्या लोकांत ऊठबस. त्या केंद्राचे साहेब जेरी ब्लम हे मालिकेतल्या साहेबांचं मूळ. ब्लम यांनी पूर्वी कधीतरी प्रसिद्धीसाठी खरेच टर्की उधळले होते. सांगणारे ट्रकवरून म्हणतात, तपशील ज्याच्या त्याच्या तोंडी बदलतो. हा किस्सा घेऊन तो भाग लिहिला बिल डायल याने, आणि तोही त्याच केंद्रातून आलेला. तिकडे आर्कान्सामध्ये येलव्हिल म्हणून एक गाव आहे, तिथल्या जत्रेत तर दशकानुदशकं चक्क छोट्या विमानातून जिवंत टर्की सोडले जात. रानटर्की थोडंफार उडतात; खाण्यासाठी पोसलेले जड पक्षी नाही उडत. म्हणजे साहेब शंभर टक्के चुकीचे नव्हते. अर्धवट माहितीवर धडाक्यात निर्णय घेणारा साहेब जगातल्या कुठल्याही कचेरीत सापडेल, आणि निम्मी माहिती बरोबर असते म्हणूनच त्याला कोणी अडवत नाही.

आता हे सगळं मला इतकं का लागून राहावं? कारण लग्नाआधी मीही रेडिओत होते. जिल्ह्याच्या गावातलं केंद्र, मी तिथे नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे महिन्यातून मोजक्या ड्यूट्या, प्रत्येक ड्यूटीचं वेगळं करारपत्र आणि मानधनाचा चेक कधीतरी पावसासारखा. पहाटेच्या सभेला, म्हणजे दिवसाच्या पहिल्या प्रसारणाला, जीप घ्यायला यायची तेव्हा आळीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असत. स्टुडिओचं ते जाड, गादीसारखं दार ढकललं की कानात एकदम दडे बसल्यासारखी शांतता, जुन्या गालिच्याचा कुबट वास, टेप मशिनची डोकी पुसायच्या स्पिरिटचा वास, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी कालच्या शेंगदाण्यांची टरफलं. बाहेर श्रोत्यांना ऐकू जायचं ते अत्यंत सोज्वळ, धुतल्या तांदळासारखं. आत मात्र क्यू शीटवरचं, म्हणजे कार्यक्रमांच्या यादीतलं, टेपचं स्पूल सापडत नसे, ट्रेक्स, म्हणजे प्रसारणाचा ड्यूटीवरचा अधिकारी, ते हुडकत लायब्ररीत धावलेला असे, आणि मी अभंग संपायच्या आत पुढचं काय लावायचं या विचाराने घामाघूम. एकदा फेडर, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली घ्यायचा राहिला आणि आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं ''चहा सांग रे, साखर कमी'' हे वाक्य अख्ख्या जिल्ह्याने ऐकलं. पुढचे कितीतरी दिवस पत्रोत्तराच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं येत होती: साहेबांना साखरेचा त्रास सुरू झाला काय, झाला असल्यास कारल्याचा रस सुरू करावा.

कुठलीही नोकरी विनोदी असते, पण रेडिओच्या विनोदाला एक खास फट मिळालेली आहे. बँकेत गिऱ्हाईक समोर उभं असतं, शाळेत पोरं असतात, तिथे सोंग सतत सांभाळावं लागतं. रेडिओत लाल दिवा लागला की सोंग, विझला की मूळपदावर, आणि दोन्हींमध्ये बोटभर फेडरचं अंतर. म्हणून तर अमेरिकेने पुन्हा पुन्हा रेडिओ केंद्रावर मालिका काढल्या. नव्वदच्या दशकात 'न्यूजरेडिओ' आली. 'फ्रेझर' तर मनोविकारतज्ज्ञाला रेडिओवर बसवून अकरा वर्षं चालली. पण मला त्यांतल्या कोणत्याच केंद्रात घाम दिसला नाही. तिथली माणसं फार नीटनेटकी बोलतात. डब्ल्यूकेआरपीत मात्र फर्निचर खरोखर पडीक आहे आणि पैशांची चिंता खरी आहे.

आणि माणसंही कुठून कुठून उचललेली. रात्ररात्र जागलेल्या डोळ्यांचा डीजे जॉनी फीव्हर, त्याच्यामागे अटलांटाचा 'स्किनी' बॉबी हार्पर. तो अटलांटाला येण्यापूर्वी सिनसिनाटीतल्याच केंद्रावर गाणी वाजवत असे. त्याची भूमिका करणारा हॉवर्ड हेसमन स्वतः साठच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओवर डीजे होता, त्यामुळे रेकॉर्ड ठेवताना त्याचा हात जसा वळतो तो शिकवून येत नाही. चौकड्यांचे भयाण सूट घालून जाहिराती विकत फिरणारा हर्ब टारलेक, तो म्हणजे डब्ल्यूक्यूएक्सआयमधला विक्रेता क्लार्क ब्राउन. बेली क्वार्टर्स ही लाजाळू, हुशार मुलगी विल्सनने आपल्या बायकोवरून घेतली. मालिका १९७८ ते १९८२ अशी चार हंगाम चालली, नव्वद भाग झाले. विल्सन पुढे सिनेमाकडे वळला. आपल्याकडे व्हिडिओ पार्लरमध्ये ज्यावर पोरं गडाबडा लोळली तो १९८४ चा 'पोलीस अकॅडमी' याच गृहस्थाने दिग्दर्शित केला.

मला या यादीतला क्लार्क ब्राउन राहून राहून आठवतो. देशभर लाखो लोक दर आठवड्याला तुमच्यावर हसतायत: तुमचा पांढरा पट्टा, पांढरे बूट, रिसेप्शनवरच्या बाईपुढे गाळलेली लाळ. उद्या सकाळी त्याच अटलांटात जाऊन मोटारीच्या शोरूमवाल्याला तीस सेकंद विकायचे आहेत. माणूस काय करेल? ब्राउन यांनी सांगायला सुरुवात केली की होय, तो मीच. आणि हा विदूषक पुढे केंद्राची मालक असलेल्या कंपनीच्या सगळ्या रेडिओ विभागाचा अध्यक्ष झाला. हे कळल्यावर मला आनंद झाला आणि थोडी चिडचिडही. विक्रेत्याचं कातडं जाड असतं, त्याला हसू विकता येतं. ज्यांना तसं विकता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला.

शेजारणीच्या वाक्याचा उलगडा मला त्याच हिवाळ्यात झाला. तरुणपणी ती एका लहान केंद्रावर ट्रॅफिकमध्ये होती. नाव ऐकून वाटतं रस्त्यांवरच्या गर्दीची बातमी देत असेल. नाही. रेडिओतलं ट्रॅफिक म्हणजे उद्या कोणती जाहिरात किती वाजून किती सेकंदांनी वाजणार, याचा तक्ता. रोज दुपारी ती टाइपरायटरवर दुसऱ्या दिवसाचा अख्खा लॉग टाइप करी, कार्बन लावून. दोन साबण पाठोपाठ येता कामा नयेत. दोन मोटारवाल्यांमध्ये ठरावीक अंतर हवं. कुठे विमान पडलं की सगळ्यात आधी तिचा फोन वाजे, कारण विमान कंपन्यांच्या जाहिराती तत्काळ काढायच्या असत आणि त्या जागी भरायला काहीतरी हवं. डीजेने प्रत्येक जाहिरात वाजवल्यावर लॉगवर सही ठोकायची. त्या सह्यांवर बिलं निघत. डीजे मंडळी अर्थातच विसरत. मग ही त्यांना शोधत फिरे. एखादी जाहिरात वाजलीच नाही, तर गिऱ्हाइकाला भरपाई म्हणून कधी वाजवायची हेही तीच ठरवी. ''माझ्याशिवाय ते एक दिवसही चालले नसते,'' ती म्हणाली, आणि त्यात बढाई अजिबात नव्हती, बिल वाचून दाखवावं तसा सूर होता.

तिच्या साहेबांनीही असाच एक उद्योग केला होता. टर्की नव्हते, फुगे होते, काही फुग्यांत नोटा. वारा सुटला. पुढचं तुम्हीच समजा. साहेब आणि डीजे पुढे आयुष्यभर तो किस्सा रंगवून सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉलच्या व्यवस्थापकाची बोलणी खाऊन, रबराचे तुकडे वेचायला माणसं शोधून, त्यांच्या मजुरीचं व्हाउचर करणारी ही. किस्सा सांगायला तिला कोणी बोलावलं नाही.

मालिकेतल्या बेलीच्या वाट्याला सुरुवातीला हेच काम आहे, ट्रॅफिक आणि बिलं. मी मुद्दाम पाहिलं. दोन-चार वाक्यांत उल्लेख येतो, मग लेखकांनाही त्याचा कंटाळा येतो आणि बेलीला बातम्या वाचायला बसवतात. बरोबरच आहे म्हणा, टाइपरायटरपुढे बसलेल्या बाईत हसण्यासारखं काय दाखवणार? डीजे बोलतो, विक्रेता बोलतो, वार्ताहर बोलतो. रेडिओवरची विनोदी मालिका बोलणाऱ्यांचीच होते. न बोलणाऱ्यांसाठी विनोदाजवळ कॅमेरा नसतो.

याला एक अपवाद, आणि तो लेस नेसमनच्या चिकटपट्टीचा. या माणसाला स्वतंत्र खोली हवी असते. केंद्राकडे पैसे नाहीत. मग तो आपल्या टेबलाभोवती जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखतो: या भिंती, हे दार. कोणी यायचं झालं तर हवेत टकटक करायची. तो स्वतःसुद्धा नसलेलं दार उघडून आत जातो. विसरून कोणी रेषेवरून चालत आलं की तो कळवळतो. शेतीच्या बातम्या आणि डुकरांचे बाजारभाव तो युद्धवार्तांच्या थाटात वाचतो, 'बकआय न्यूजहॉक' या पुरस्काराचा त्याला गर्व आहे, आणि अंगावर कुठेतरी कायम एक बँडेज. या बँडेजमागेही खरी गोष्ट आहे: नट रिचर्ड सँडर्सला पहिल्याच भागाच्या वेळी डोक्याला लागलं, ती पट्टी आवडली, मग दर भागात ती जागा बदलत राहिली. सगळे त्याच्यावर हसतात, पण दारावर टकटक सगळे करतात. न चुकता. हे ज्याने लिहिलं तो कचेरीत नुसता हिंडला नव्हता, बसला होता, याची मला खात्री आहे. आमच्या केंद्रावर बाजारभाव वाचणारे एक गृहस्थ होते. त्यांना टेबल नव्हतंच. एका कपाटाचा खालचा कप्पा होता, त्याला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलेलं. त्यात काय असायचं? तूर, हरभरा, गूळ यांच्या भावांच्या चिठ्ठ्या, एक कंगवा आणि खोकल्याच्या गोळ्या. ते रजेवर असताना कोणी त्या कप्प्याला हात लावत नसे.

अशी केंद्रं आपल्याकडे गावोगाव, आणि लिहिणाऱ्यांची तर त्या घरात कधी वाण नव्हती. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत उमेदीची वर्षं काढली. मंगेश पाडगावकर, आरती प्रभू मुंबई केंद्रावर होते. मुंबई केंद्राच्या 'प्रपंच'सारख्या कौटुंबिक मालिकांनी तर मराठी घरांना स्वयंपाकघरात उभं राहून हसायला लावलं. पण त्या मालिका घराच्या होत्या. खुद्द केंद्रावरची, क्यू शीटच्या गोंधळाची आणि ड्यूटी रूममधल्या रुसव्याफुगव्यांची अख्खी विनोदी मालिका माझ्या पाहण्यात नाही. मला वाटतं, आपल्याकडे जे लिहू शकत होते ते सगळे आतच बसले होते, त्याच हजेरीपटावर सही करत. अटलांटात मालिका काढणारा विल्सन बाहेरचा होता. त्याला तिथे पगार नव्हता, बढती नव्हती, संध्याकाळी घरी जाताना तो सगळ्यांच्या लकबी खिशात टाकून नेऊ शकत होता. आतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर डबा उघडायचा असतो.

बाहेरच्याला सगळं दिसतं असंही नाही. विल्सनने मालिका अटलांटाहून उचलून सिनसिनाटीत नेली, का तर गाव कसलं का असेना, नाव चांगलं वाजतं. मात्र गाव खरं होतं. ३ डिसेंबर १९७९ च्या संध्याकाळी तिथल्या रिव्हरफ्रंट कोलिझियमबाहेर 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाला हजारोंची गर्दी जमली. बहुतेक तिकिटांना आसनक्रमांक नव्हते. जो आधी घुसेल त्याला पुढची जागा. दारं मोजकीच उघडली. चेंगराचेंगरीत अकरा तरुण मुलं गेली. आता ज्या मालिकेचं केंद्रच सिनसिनाटीतलं आणि धंदाच रॉक संगीताचा, तिने काय करावं? त्यांनी त्यावर भाग केला, फेब्रुवारी १९८० मध्ये दाखवलाही. भागाचा पहिला अर्धा नेहमीसारखा हसरा आहे: कार्यक्रमाची तिकिटं केंद्राने श्रोत्यांना बक्षीस म्हणून वाटलेली, साहेब लहान पोरासारखे उत्साहात, सगळे तिकडे निघालेले. दुसऱ्या अर्ध्यात सकाळ झालेली आहे आणि तीच माणसं, तीच मोडकी फर्निचरं, आणि कोणालाच कोणाकडे बघवत नाही. आपण तिकिटं वाटली. आपण 'या या' म्हणून ओरडलो. गावाने लगेच अशा बेक्रमांक आसनांवर बंदी घातली आणि ती २००४ पर्यंत टिकली.

टर्कींचा भाग आणि हा भाग मी पुढे कधीतरी पाठोपाठ पाहिले. यंत्र एकच आहे. फुकट काहीतरी वाटा, गर्दी जमवा, श्रोते वाढवा, जाहिराती मिळवा. एकदा पक्षी पडले, एकदा माणसं. हे मी शेजारणीला बोलून दाखवलं नाही. तिच्या ओळखीत त्या रात्री गेलेल्या एका मुलाचं घर होतं, हे मला ठाऊक होतं. तिने तो भाग कधीच पाहिला नव्हता, आणि पाहणारही नव्हती.

खऱ्या केंद्राची एक गोष्ट मात्र मालिकेला धड सांभाळता आली नाही, ती म्हणजे गाणी. डब्ल्यूकेआरपीत जॉनी जे वाजवतो ते त्या काळचं खरं, बाजारातलं संगीत होतं. फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर चित्रण करण्याचं एक कारण हेच, की टेपवरच्या कार्यक्रमांना गाण्यांचे हक्क स्वस्तात पडत. पण ते हक्क मुदतीचे. मुदत संपली, दर वाढले, आणि पुनःप्रक्षेपणात खऱ्या गाण्यांच्या जागी कुठलंतरी निनावी ढॅण्ढॅण् भरण्यात आलं. गाण्यावर कोणी बोलत असेल तर तेवढं संभाषणही दुसऱ्याच आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित. शेजारणीकडे मी पाहिली ती अशी, जीभ छाटलेली प्रत. जॉनी डोळे मिटून डोलतोय आणि वाजतंय ते लिफ्टमधलं संगीत. २०१४ मध्ये नवा संच निघाला त्यात बरीचशी गाणी परत मिळवली, तीही सगळी नाही. आमच्याकडे हा प्रश्न फार सोप्या रीतीने सुटला होता: टेपचा तुटवडा असे, मग झालेले कार्यक्रम पुसून त्याच स्पूलवर नवे घ्यायचे. माझा आवाज असलेलं एकही स्पूल कुठे असेल असं मला वाटत नाही. ''साखर कमी''सुद्धा हवेतच गेलं.

भारतात परतल्यावर एका सुट्टीत गावी गेले तेव्हा आमच्या काकांना भेटले. काका म्हणजे ट्रान्समीटरवरचे इंजिनिअर. सगळे त्यांना काकाच म्हणत. ट्रान्समीटर गावाबाहेर, ज्वारीच्या रानात. स्टुडिओतला एकही माणूस कामाशिवाय तिकडे फिरकत नसे आणि काका कामाशिवाय इकडे येत नसत. दर तासाला मीटरचे आकडे वहीत लिहायचे, पावसाळ्यात विजा चमकल्या की जीव मुठीत धरून बसायचं, साप निघाले की वॉचमनला हाक मारायची. पहाटे मी फोन फिरवून विचारायची, ''काका, कॅरियर आला का?'' म्हणजे ट्रान्समीटरची लहर हवेत गेली का. तिकडून ''आला'' एवढंच. वर्षानुवर्षं आमचं संभाषण हे एवढंच होतं. मालिका काढली असती तर काकांना मीही घेतलं नसतं, हे उघड आहे.

मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. टर्की, साहेब, चिकटपट्टीची खोली. ते हसले नाहीत असं नाही, सुपारी कातरता कातरता थोडं हसले. डब्ल्यूकेआरपीतही एक इंजिनिअर आहे आणि तो तर टर्कीचा भाग लिहिणाऱ्या बिल डायलनेच रंगवलाय, असं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ''किती वेळ दिसतो?'' म्हटलं, क्वचित. ''बरोबर,'' काका म्हणाले. मग मी फोनवर मालिकेचं शीर्षकगीत लावून दिलं. सिनसिनाटीचे रस्ते, नदी, आणि एक उंच मनोरा. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्याला लावला आणि म्हणाले, ''मागं घे. अजून मागं. थांब.''

मी थांबवलं.

''हे मीडियम वेव्हचं केंद्र म्हणालीस ना?''

म्हटलं, हो, मालिकेत १५३० किलोहर्ट्झ सांगतात.

''मग हा मास्ट नव्हे. मीडियम वेव्हला अख्खा मास्टच अँटेना असतो, बुडाशी पोर्सेलिनचा इन्सुलेटर, त्यावर उभा. याच्या डोक्यावर बघ काय बसवलंय. हा टीव्हीचा टॉवर आहे.''

खरंच होतं. तो मनोरा सिनसिनाटीतल्या डब्ल्यूएलडब्ल्यूटी या टीव्ही केंद्राचा आहे. इतक्या वर्षांत ती मालिका कितीदा पाहिली असेन, शेजारणीबरोबर, एकटीने, पोरांबरोबर. कोणाच्या मनातही आलं नव्हतं. काकांनी फोन परत दिला आणि सुपारीचं तबक पुढे सरकवलं.

''रेडिओवर मालिका काढतात,'' ते म्हणाले, ''आणि टॉवर टीव्हीचा लावतात. आता बोला.''